पुस्तकावर बंदी येते म्हणजे नेमकं काय होतं

जानेवारी 2004 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या पुस्तकावर बंदी घातली, ते तेव्हा दुकानांत नव्हतंच. जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाचं ‘शिवाजी : हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 2003 मध्ये काढलं. त्यातल्या शिवाजी महाराजांच्या आईवडिलांविषयीच्या एका उल्लेखावरून संताप उसळला आणि नोव्हेंबरातच प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतलं. तरी प्रकरण थांबलं नाही. डिसेंबरात पुण्यात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासण्यात आलं आणि 5 जानेवारीला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारी ही 1917 सालची संस्था. तिचा या पुस्तकाशी संबंध किती, तर लेखकाने तिथे बसून काम केलं होतं आणि ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते. कपाटं फुटली, ग्रंथ फाटले, आणि त्यानंतर सरकारी बंदी आली.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यात ‘बंदी’ हा एकच शब्द असतो, त्यामुळे सगळं एका फटक्यात घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिला पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर कुणालातरी काहीतरी लिहून द्यावं लागतं.

पहिली पायरी गृह खात्यात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95 राज्य सरकारला हा अधिकार देत असे; 1 जुलै 2024 पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 मध्ये आहे. मूळ इंग्रज अमदानीतलं आहे, तेव्हाच्या संहितेत ते 99-अ होतं. एखाद्या पुस्तकात, वर्तमानपत्रात किंवा चित्रात विशिष्ट गुन्ह्यांत मोडणारा मजकूर आहे असं सरकारला वाटलं, तर राजपत्रात अधिसूचना काढून त्याची प्रत्येक प्रत सरकारजमा झाल्याचं जाहीर करता येतं. कुठले गुन्हे, तेही ठरलेलं आहे: समाजगटांमध्ये वैर पसरवणं, एखाद्या वर्गाच्या धर्मश्रद्धांचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान करणं, अश्लीलता, अशी मोजकी यादी. ‘लोकांच्या भावना दुखावल्या’ एवढ्याच नावाचा गुन्हा त्या यादीत नाही.

अधिसूचना निघाली की भारतात कुठेही सापडलेली प्रत कुठलाही पोलीस ताब्यात घेऊ शकतो. म्हणजे मंत्रालयातल्या एका सहीने कोलकात्याच्या दुकानातलं पुस्तक उचलता येतं. घरात किंवा गोदामात शिरून झडती घ्यायची असेल, तर मात्र मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं आणि ते फौजदाराच्या खालच्या हुद्द्याच्या माणसाला देता येत नाही. वाचकाला शिक्षा या कलमात नाही. कारवाई प्रतीवर आहे, वाचणाऱ्यावर नाही.

या कलमात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते कारणांबद्दलचे शब्द. सरकारने आपल्या मताची कारणं अधिसूचनेतच नमूद केली पाहिजेत, अशी ही अट आहे. कुणाला ही कारकुनी बाब वाटेल, पण पुढचा सगळा खटला तिच्यावर उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हरनामदास प्रकरणात सांगितलं की कारणंच दिली नसतील तर आदेश टिकणार नाही. आम्ही तपासायचं ते सरकारचं कारण, आमच्या मनाने शोधून काढलेलं नव्हे. पेरियार रामसामींच्या रामायणावरच्या पुस्तकाच्या हिंदी भाषांतरावर उत्तर प्रदेश सरकारने घातलेली बंदी 1976 मध्ये याच मुद्द्यावर कोसळली. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा आशय असा की गुन्ह्याच्या कलमाची भाषा उतरवून काढली म्हणजे कारण दिलं असं होत नाही. आणि अधिसूचनेत जे लिहायचं राहिलं, ते नंतर प्रतिज्ञापत्रात घालून भरपाई करता येत नाही.

दुसरी पायरी उच्च न्यायालयाची. अधिसूचना राजपत्रात आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, पुस्तकाशी हितसंबंध असलेली कुणीही व्यक्ती ती रद्द करा म्हणून अर्ज करू शकते. लेनच्या पुस्तकासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले ते वकील संघराज रूपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि एक सामाजिक कार्यकर्त्या. तिघांपैकी एकही या पुस्तकाचा लेखक, प्रकाशक किंवा विक्रेता नव्हता, तरी त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. असा अर्ज एक-दोन न्यायमूर्ती ऐकू शकत नाहीत. किमान तिघांचं विशेष पीठ बसतं आणि मतभेद झाले तर बहुमत चालतं. फाशीच्या शिक्षेची पुष्टीसुद्धा दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर होते, इथे तीन लागतात. पुस्तकाला एवढा मान कायद्याने अन्यत्र कुठे दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आता ते तिघे पुस्तक वाचतात कसं? याचे निकष एका मराठी पुस्तकाच्या खटल्यात घडले, हे फार जणांना माहीत नसतं. गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’च्या प्रती दिल्ली प्रशासनाने 1967 मध्ये सरकारजमा केल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 1969 मध्ये तो आदेश रद्द केला. लेखक कोण आणि त्याने काय केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. न्यायालयाने तपासलं ते पुस्तक. पुस्तक सबंध वाचायचं, एखादं वाक्य सुटं काढून त्याचा अर्थ लावायचा नाही. ते मुख्यतः कोणत्या वाचकासाठी लिहिलं आहे ते पाहायचं. हेतू भाषेतून आणि मजकुरातून काढायचा. हा वाचक कसा धरायचा याचं उत्तर नागपूरचं आहे: 1946 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की मजकुराचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते पाहायचं. कचखाऊ मनाच्या, कुठल्याही विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाची फूटपट्टी लावायची नाही. ‘तमस’ मालिकेच्या वेळी 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच फूटपट्टी उचलली.

इथवर वाचून लेखकाची बाजू भक्कम वाटेल, पण तशी ती नाही. सरकारचं प्रथमदर्शनी मत खोडून काढायची जबाबदारी अर्जदारावर असते. आणि इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा एक निकष गोडसे खटल्यातच आहे: लिहिलेलं इतिहासाला धरून आहे, एवढ्यानेच वैर पसरवल्याच्या आरोपातून सुटका होत नाही. सत्य कधी कधी जास्तच झोंबतं, असा त्यामागचा तर्क. संशोधकाला वाटतं की पुरावा दाखवला की काम झालं. कायदा पुराव्यासोबत सूर, रोख आणि परिणामही पाहतो. अब्रुनुकसानीत ‘हे खरं आहे आणि लोकहिताचं आहे’ असा बचाव आहे. इथे तसा सरळ बचाव नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसा आहे.

लेन प्रकरणात झालं ते असं. लेखक आणि प्रकाशकावर पुण्यात गुन्हा नोंदवला गेला होता. 5 एप्रिल 2007 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हे विद्वत्तेच्या अंगाने केलेलं काम आहे, दोन गटांत वैर पेटवायचा हेतू त्यात दिसत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. दरम्यान 20 डिसेंबर 2006 रोजी सरकारने बंदीची नवी अधिसूचना काढली होती आणि पुढची लढत याच कागदावर झाली. 26 एप्रिल 2007 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने ती रद्द केली, सरकार अपिलात गेलं आणि 9 जुलै 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं.

कागदात उणीव काय होती? वैर पसरवण्याच्या कलमाला निदान दोन गट लागतात. ‘अ’ने ‘ब’ला दुखावलं एवढ्याने भागत नाही, लिखाणामुळे एक समाज दुसऱ्यावर उठेल असं दाखवावं लागतं. अधिसूचनेत पुस्तकामुळे समाजांमध्ये वैर निर्माण होत असल्याचं म्हटलं होतं, पण कुठले समाज ते लिहिलेलंच नव्हतं. लिहिणार तरी काय? महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचा अनादर ऐकून पेटून उठणारा एक समाज आणि तो अनादर उचलून धरणारा दुसरा समाज, अशी फाळणी कुठे आहे? सगळे एकाच बाजूला असल्यावर हे कलम लागू पडत नाही. संताप खरा होता, व्यापक होता, आणि नेमक्या त्याच कारणाने तो या कलमाच्या चौकटीत बसत नव्हता.

म्हणून दरवेळी बंदी उठतेच असं नाही. त्याच 2007 मध्ये, मे महिन्यात, बसवेश्वरांच्या घराण्याविषयीच्या ‘धर्मकारण’ या कन्नड कादंबरीवरची कर्नाटक सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. आणि 2010 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने इस्लामविरोधी मजकुराच्या एका पुस्तकावरची महाराष्ट्राची बंदी योग्य ठरवली. निकष तेच असले तरी निकाल वेगळे येतात.

परदेशी छापलेल्या पुस्तकाला आणखी एक दार आहे, कस्टम्सचं. सलमान रश्दी यांचं ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ 1988 मध्ये त्या दारात अडवलं गेलं, आयात बंद करून. एका वाचकाने त्याला आव्हान दिलं तेव्हा मूळ अधिसूचना कुणालाच सापडेना. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की मग ती नाहीच असं गृहीत धरण्यावाचून इलाज नाही. छत्तीस वर्षं देशभर मानली गेलेली बंदी, आणि दाखवायला कागद नाही!

एवढी सगळी यंत्रणा लेनच्या पुस्तकाच्या बाबतीत साडेसहा वर्षं चालली आणि अखेर सरकार हरलं. पण पुस्तक दुकानातून गेलं होतं ते सरकारमुळे नव्हेच. प्रकाशकाने मागे घेतलेल्या पुस्तकाला ना अधिसूचना असते, ना कारणं, ना दोन महिन्यांची मुदत, ना तिघांचं पीठ. न्यायालय बंदी उठवू शकतं, प्रकाशकाला ‘पुन्हा छाप’ म्हणू शकत नाही. वेंडी डॉनिजर यांच्या ‘द हिंदूज’बाबत पेंग्विनने फेब्रुवारी 2014 मध्ये दाव्यातल्या वादीशी तडजोड करून प्रती मागे घ्यायचं आणि लगद्यात घालायचं कबूल केलं. निकाल लागला नाही, कारण खटला निकालापर्यंत गेलाच नाही. अर्थात सरकारी आदेश नसल्याचा एक फायदाही झाला: पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने तेच पुस्तक बाजारात आणलं.

विद्यापीठात हा बिनकागदी मार्ग जास्त वापरात आहे. राज्यघटनेत शैक्षणिक स्वातंत्र्य असा वेगळा हक्क नाही. प्राध्यापकाकडे असतं ते कुणाही नागरिकाकडे असलेलं अनुच्छेद 19(1)(क)चं भाषणस्वातंत्र्य, आणि वर नोकरीचे नियम. अभ्यासक्रमातलं पुस्तक ठरवतं त्या विषयाचं अभ्यास मंडळ. ते विद्याशाखेकडून विद्या परिषदेकडे जातं आणि तिथे मंजूर होतं. वर्ष-दीड वर्षाची चाल असते ही. काढून टाकायला मात्र एक दिवस पुरतो, कारण तातडीच्या प्रसंगी मंडळांना बाजूला ठेवून निर्णय घ्यायची मुभा कायद्याने कुलगुरूंना असते. 2010 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ याच अधिकारात गेली. 1991 सालची, बुकरच्या अंतिम यादीत आलेली, 1971 च्या मुंबईतल्या पारशी कुटुंबाची कादंबरी. शिवसेनेविषयीच्या मजकुरावर तिच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या आणि पुस्तक वगळलं गेलं. पुस्तकावर बंदी नव्हती. दुकानात मिळत होतं, फक्त वर्गात शिकवायचं नव्हतं.

दिल्ली विद्यापीठात तर मंडळांना डावलावंही लागलं नाही. ए. के. रामानुजन यांच्या रामायणांच्या परंपरांवरील निबंधासाठी चार तज्ज्ञांची समिती नेमली, तिघांनी तो ठेवावा म्हटलं, आणि 2011 च्या ऑक्टोबरात विद्या परिषदेने तो काढला. कारणं द्यायची अट इथे नव्हती. ती असती तर तीन विरुद्ध एक हे गणित कागदावर कसं मांडलं असतं, हे वाचायला मला आवडलं असतं.

अशा वेळी विद्यार्थ्याच्या किंवा प्राध्यापकाच्या हाती काय उरतं? उच्च न्यायालयात रिट करता येते, पण ती खर्चिक आणि लांबलचक, आणि सेमिस्टर तोवर संपलेलं असतं. स्वस्तातला उपाय माहितीच्या अधिकाराचा. सरकारी विद्यापीठ या कायद्याखाली येतं. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘पुस्तक का काढलं’ असं विचारू नये, मत मागितलं म्हणून अर्ज परत येतो. कागद मागावेत: आलेली तक्रार, कुलगुरूंचा लेखी आदेश, त्यात उल्लेखलेलं कलम, आणि त्यानंतरच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त. यातला एखादा कागद उपलब्ध नाही असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्यावं आणि जपून ठेवावं. पुढे कोर्टात जायचं झालं तर वकील आधी तेच मागेल.