पावसाच्या पाण्याचं बिल कोण भरणार?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. गटारं, मोऱ्या आणि पैसे. पण 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांच्या दुकानांतल्या मालाचा चिखल झाला, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. म्हणून उदाहरण चिपळूणचंच घेऊ.

2011 च्या जनगणनेनुसार वस्ती साधारण 55 हजार. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. वाशिष्ठी आहे, शिव नदी आहे, खाडीकडून गोवळकोटच्या बाजूला भरतीचं पाणी चढतं, आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. 2005 च्या जुलैत शहर बुडालं होतं, 2021 मध्ये पुन्हा बुडालं.

आता हे पाणी कोणाच्या ताब्यात, ते बघा. नदी जलसंपदा विभागाची. गल्लीतलं गटार नगर परिषदेचं. महामार्गाखालची मोरी महामार्गवाल्यांची, रुळाखालची रेल्वेची. पाणी एकच, पण खाती चार. नगर परिषदेनं गटार रुंद केलं आणि पुढची मोरी तेवढीच राहिली, तर तो खर्च पाण्यात गेला. अगदी शब्दशः.

मग पैसे कुठून आणायचे? आपण सहज म्हणतो, केंद्राची योजना असेलच की. आहेत ना. 2015 ची 'अमृत' योजना घ्या. तिच्यात पावसाळी गटारांना जागा होती, पण ती मुख्यतः एक लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांसाठी. पुढे पंधराव्या वित्त आयोगानं शहरी पूरनियंत्रणासाठी 2,500 कोटी सुचवले. तेही सात शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकात्याला प्रत्येकी 500 कोटी, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुण्याला प्रत्येकी 250 कोटी. मोठ्या शहरांना मिळाले याचं आम्हाला दुःख नाही. पण लहान शहर बुडतं तेव्हा टक्केवारीनं बघितलं तर जवळजवळ सगळंच बुडतं, हे या हिशेबात कुठेच येत नाही.

त्याच आयोगानं आपत्तीच्या राज्य निधीचे दोन भाग केले. 80 टक्के मदत आणि पुनर्वसनासाठी, 20 टक्के आपत्ती टाळण्यासाठी. वेगळा 20 टक्के ठेवला, हे चांगलंच झालं. तरी मोठी थैली उघडते ती बुडाल्यावर.

बुडाल्यावर काय होतं तेही चिपळूणनं पाहिलं. गाळ काढा, या मागणीसाठी 2021 च्या डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले. त्यानंतर गाळ निघालाही. पण सह्याद्रीवरून माती दर पावसाळ्यात खाली येते. अनुदान एकदा येतं, गाळ दरवर्षी येतो. आमच्या मते लहान शहराची खरी अडचण इथे आहे. एकरकमी पैसे कधीतरी मिळतात. दरवर्षी न मागता हाती येणारे पैसे नसतात.

कर्ज का नाही काढत, असं विचाराल. तमिळनाडूत 2003 च्या सुमारास 13 लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन सुमारे 30 कोटींचे रोखे काढले. ते जमलं, कारण पैसा पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी होता आणि त्या कामांमागे लोकांकडून येणारी वसुली होती. पावसाच्या पाण्याचं बिलच कोणी देत नाही, तर सावकार कशाच्या भरवशावर पैसे देणार?

काही देशांत असं बिल असतं, बरं का. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरानं 1974 मध्येच पावसाळी पाण्यासाठी वेगळी आकारणी सुरू केली. जर्मनीत कित्येक शहरं छप्पर आणि फरसबंदीचं क्षेत्र मोजून पैसे घेतात. ज्यानं जमीन जितकी झाकली, तितकं त्याचं पाणी गटारात. अंगण मातीचं ठेवलं, तर बिल कमी.

आपल्याकडे हिशेब मांडून बघू. समजा, शहरात 15 हजार मिळकती आहेत आणि सरासरी 300 रुपये घेतले. वर्षाचे 45 लाख झाले. यातून पूरसंरक्षक भिंत उभी राहणार नाही, नदीचा गाळही निघणार नाही. ते राज्याचंच काम. पण मे महिन्यात गटारं आणि पऱ्ये साफ करायला कोणाच्या पाया पडावं लागणार नाही. सरसकट 300 मात्र नकोत. पत्र्याच्या खोलीला नाममात्र. मंगल कार्यालय, गोदाम, पार्किंग यांना क्षेत्राप्रमाणे. सरकारी कचेऱ्यांनाही सूट नको, त्यांची छपरं काही लहान नसतात.

अडचणी आहेतच. नियम राज्य सरकारनं करून द्यायला हवेत. शिवाय डोंगरउतारावरचं पाणी हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींतून येतं आणि तिथे नगर परिषदेची पावती फाटत नाही. त्यासाठी खोऱ्याचा हिशेब एकत्र धरावा लागेल. आणि हे पैसे वेगळ्या खात्यात हवेत, जमाखर्च पावसाळ्याआधी नगर परिषदेच्या फलकावर लागायला हवा. नाहीतर दुसऱ्याच वर्षी ते पथदिव्यांच्या बिलात जातील, आणि तिसऱ्या वर्षी लोक भरायचे थांबतील.