एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेणारं औरंगाबाद, आणि ७ टक्के व्याजाची गोष्ट

नगरच्या सावेडीतून पुण्याच्या दिशेने निघालं, की शिक्रापूरवरून चाकण लागतं. तिथे मर्सिडीजचा कारखाना आहे. उलट दिशेला दोन-अडीच तासांत छत्रपती संभाजीनगर. ऑक्टोबर २०१० मध्ये, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, तिथल्या लोकांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या आणि जगभरात बातमी झाली.

व्यवहार होता ६५ कोटींचा. एकेक गाडी साधारण ३० ते ७० लाखांची.

आता मर्सिडीज म्हणजे नुसता बोनेटवरचा तारा नव्हे. त्या काळी भारतात मिळणारी ई ३५० ही चार दारांची सेदानच घ्या. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे २७० हॉर्सपॉवर, म्हणजे तेव्हाच्या पेट्रोल स्विफ्टच्या तिपटीहून जास्त. वर मागच्या सीटवर शेटजींनी पेपर वाचत बसावं असा आराम.

पण एवढ्या गाड्या एकदम का? औरंगाबादकडे गुंतवणूकदारांचं लक्ष जावं, इथेही पैसा आहे हे दिसावं, असा हिशोब होता. उद्योजक, व्यापारी, डॉक्टर एकत्र आले. एकट्याने शोरूममध्ये गेलं तर फार तर सीट कव्हर फुकट मिळतं. दीडशे जण मिळून गेले की कंपनीही भाव करायला बसते आणि बँकही.

खरी मेख बँकेतच आहे. ६५ कोटींपैकी सुमारे ४४ कोटी स्टेट बँकेने कर्ज म्हणून दिले, तेही ७ टक्क्यांनी.

पत्रकार पी. साईनाथ यांनी याच आकड्यावर बोट ठेवलं. त्याच जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात एका शेतकरी बाईने ट्रॅक्टरसाठी पावणेसहा लाखांचं कर्ज काढलं होतं. व्याज १५.९ टक्के.

असं का होतं? बँक व्याज ठरवते ते पैसा बुडण्याच्या भीतीवर. गाडी काय नि ट्रॅक्टर काय, दोन्ही बँकेकडे तारणच असतात. पण मर्सिडीजवाल्याकडे इन्कम टॅक्सचे कागद असतात, धंदा असतो, वर दीडशे जणांचं वजन. ट्रॅक्टरचा हप्ता पावसावर आणि कापसाच्या भावावर. बँकेच्या दृष्टीने हे बरोबर बसतं. फक्त ट्रॅक्टर कमावण्यासाठी घेतलेला असतो आणि मर्सिडीज मिरवण्यासाठी, हे त्या हिशोबात कुठेच धरलेलं नसतं.

फरक रुपयांत बघा. पावणेसहा लाखांवर १५.९ टक्क्यांनी वर्षाचं सरळ व्याज होतं ९१,४२५ रुपये. तेच ७ टक्क्यांनी ४०,२५०. म्हणजे एका ट्रॅक्टरमागे वर्षाला ५१ हजार जास्त.