रिकाम्या रकान्याचा मान

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात सिद्ध केलेल्या 'आर' या संगणकभाषेचा मला सर्वाधिक भावणारा गुण असा, की जी नोंद दफ्तरात नाही तिच्या जागी शून्य लिहिण्याची मुभा ती परस्पर घेत नाही.

या भाषेसोबतच मिळणारा 'एअरक्वालिटी' हा तक्ता पाहा : न्यूयॉर्कच्या हवेचा, १९७३ च्या मे ते सप्टेंबर या १५३ दिवसांचा दैनंदिन तपशील त्यात असून, ओझोनच्या रकान्यात ३७ दिवसांचे मोजमाप उपलब्ध नसल्याने तिथे केवळ 'एनए' ही खूण आहे. 'मीन' हे फंक्शन वापरून या रकान्याची सरासरी मागितली, तर उत्तरही 'एनए' असेच येते. कारण बेरजेतील काही संख्या अज्ञात असता बेरीज मात्र ज्ञात असावी, हे तर्काला धरून नाही. 'एनए.आरएम' ला 'ट्रू' हे मूल्य देऊन, अनुपलब्ध नोंदी वगळाव्यात असा स्पष्ट हुकूम केला, म्हणजे उरलेल्या ११६ दिवसांची ४२.१३ ही सरासरी मिळते. त्या जागी शून्ये भरली असती, तर तीच ३१.९४ वर घसरली असती.

म्हणून तक्ता हाती येताच 'समरी' या फंक्शनने त्याचा गोषवारा घ्यावा, आणि प्रत्येक उणिवेच्या कारणाचा तपास केल्यावाचून कोणतीही सरासरी जाहीर करू नये.