कुरिंजीची अकरा वर्षे

निलगिरी, पळणी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांवर कुरिंजी नावाचे झुडूप वाढते. ते फुलते बारा वर्षांतून एकदाच. त्या वर्षी पावसाळा सरता सरता डोंगराचे उतार जांभळट निळे होतात; निलगिरी हे नावच या रंगावरून पडले, असे पुष्कळ जण मानतात. प्राचीन तमिळ काव्यात तर डोंगराळ प्रदेशाचीच संज्ञा कुरिंजी अशी आहे. पळणीच्या रानातील पलियार लोक आपले वय या बहरांवरून मोजीत, असे सांगतात.

सह्याद्रीतील कारवी ही कुरिंजीची नातलग. तीही सात-आठ वर्षांनी फुलते आणि बी टाकून मरते. तेव्हा घाटमाथ्यावरच्या माणसाला कुरिंजीची रीत परकी वाटू नये. एका उतारावरची सारी झुडपे एकदम फुलतात. बी इतके धरते की, ते खाणाऱ्या किडापाखरांना पुरून उरते. उरलेले तेथेच, मेलेल्या झुडपांच्या आसपास रुजते. म्हणून वंशाची सारी भिस्त त्या जागेवर.

आणि घात होतो तो मधल्या अकरा वर्षांत. त्या काळात कुरिंजी म्हणजे गवतात उभे असलेले एक सामान्य हिरवे झुडूप. त्याला कोण ओळखणार? एकोणिसाव्या शतकापासून या गवताळ उतारांची गणना पडीक जमिनीत होत आली. त्यांवर चहाचे मळे आले, वॅटल, पाइन आणि युकॅलिप्टस यांची लागवड झाली. वॅटल तर लावल्या जागी न थांबता पसरत गेला. मराठीत युकॅलिप्टसला निलगिरी म्हणतात. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. निलगिरीच्या निळ्या फुलाला हुसकावण्यात त्याचाच हात असावा, हा योगायोग चमत्कारिक खरा.

२००६ च्या बहराच्या वर्षी केरळ सरकारने इडुक्की जिल्ह्यात सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केले. परंतु हद्दीतील शेतकऱ्यांच्या जमिनींचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. शेतकऱ्याजवळ निदान दाखवायला कागद असतो. फुलाजवळ तोही नसतो. २०१८ चा बहर ऑगस्टमधील महापुराच्या दिवसांत आला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने कुरिंजीची नोंद धोक्याच्या छायेतील वनस्पतींत केली.

२०१८ च्या बियांतून उगवलेल्या झुडपांचे फुलण्याचे वर्ष २०३०. तोवर ती गवतात हिरवी उभी राहतील, जेथे गवत राहिले असेल तेथे.