फिगर स्केटिंगचा बूट व पाते : निवडीमागील यांत्रिक विचार

क्रीडासाहित्याची निवड हा विषय सामान्यतः दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यापुरता मानला जातो. अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः साहित्य हा खेळाडूचे शरीर आणि खेळाचे माध्यम यांना जोडणारा यांत्रिक दुवा होय. हा दुवा शरीराशी जुळणारा नसेल तर कौशल्याची वाढ खुंटते आणि पुष्कळदा इजाही संभवते. फिगर स्केटिंगमध्ये हे विशेष स्पष्टपणे दिसून येते. कारण तेथे शरीराचा सर्व भार जेमतेम ४ मि.मी. रुंदीच्या एका पोलादी पात्यावर, आणि बहुतेक वेळ त्याच्याही एकाच धारेवर, तोललेला असतो.

नवशिकेपणाची पहिली पायरी ओलांडलेल्या शिकाऊ खेळाडूचा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. पाय ओलांडून वळणे घेणे, बर्फावर तीनच्या आकड्यासारखी खूण उमटविणारे वळण घेणे, एका पायावर दोन-तीन फेऱ्यांची गिरकी घेणे आणि अर्ध्या फेरीची उडी मारणे, इतके त्यास साधू लागले आहे असे समजू. प्रांगणातून भाड्याने मिळणारा किंवा पात्यासह तयार विकत घेतलेला स्वस्त बूट त्यास आता अपुरा पडू लागतो, आणि बूट व पाते स्वतंत्रपणे निवडण्याची वेळ येते.

पूर्वपीठिका

आरंभी पाती चामड्याच्या पट्ट्यांनी नेहमीच्या बुटास बांधीत असत. पाते बुटाच्या तळाशी पक्के जोडण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जॅक्सन हेन्स (मृत्यू १८७५) या अमेरिकन नर्तकास दिले जाते. या जोडणीमुळे पाय आणि पाते यांच्यामधील ढिलेपणा नाहीसा झाला व उड्या-गिरक्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९९० नंतर अनिवार्य आकृत्यांचा भाग आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आला. ज्या आकृत्यांवरून खेळास नाव मिळाले त्याच अशा रीतीने मागे पडल्या, उड्यांचे महत्त्व वाढले आणि अग्रगण्य खेळाडूंचे बूट अधिकाधिक ताठर होत गेले. शिकाऊ खेळाडूची पहिली चूक येथेच उगम पावते : निष्णात खेळाडूस जे उत्तम, तेच आपणासही उत्तम, असे तो गृहीत धरतो.

बुटाचा ताठरपणा

बुटाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. घोटा आत-बाहेर कलंडू नये म्हणून बाजूंनी तो ताठ हवा. आणि गुडघा पुढे वाकावा म्हणून पुढच्या दिशेने त्याने लवले पाहिजे. घोटा पुढे न वाकता गुडघा पुरेसा वाकवून तोल राखणे अशक्य असते, हे कोणासही उभ्या जागी करून पाहता येईल.

या लवण्याचे महत्त्व एका साध्या गणिताने ध्यानात येते. उडीनंतर शरीराचा गुरुत्वमध्य २० सें.मी. खाली आला, आणि घोटा, गुडघा व खुबा यांच्या वाकण्याने तो पुढील १० सें.मी. अंतरात स्थिर झाला, असे मानू. या अवधीत बर्फाकडून येणारे सरासरी प्रतिबल शरीराच्या वजनाच्या १ + २०/१० म्हणजे ३ पट होते. बूट अतिशय ताठर असल्यामुळे थांबण्याचे अंतर ५ सें.मी. इतकेच उरले, तर तेच प्रतिबल १ + २०/५ म्हणजे ५ पट होईल. ही केवळ सरासरी झाली. क्षणिक कमाल आघात याहूनही मोठा असतो. अर्थात, अधिक 'आधार' मिळावा म्हणून घेतलेला महागडा बूट गुडघा, नडगी आणि कंबर यांवरील भार वाढवू शकतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात घोट्यापाशी बिजागरी असलेल्या बुटांवर प्रयोग झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतही, घोट्यास वाकण्याची मोकळीक मिळाल्यास टाचेवरील कमाल आघात कमी होतो, असे दिसून आले. असे बूट सर्वत्र रूढ झाले नाहीत. परंतु त्यांतून मिळालेला बोध नेहमीच्या बुटासही लागू पडतो.

याउलट, फार मऊ बूटही तितकाच अनिष्ट होय. घोट्यापाशी खोल सुरकुती पडलेला, हाताने सहज बाजूस दुमडणारा बूट पायास धारेवर स्थिर राहू देत नाही. म्हणून योग्य ताठरपणा दोन गोष्टींवरून ठरवावा : खेळाडू आज करीत असलेल्या व नजीकच्या काळात करावयाच्या उड्या, आणि त्याचे वजन. एकाच उंचीवरून उतरताना ३५ किलो वजनाच्या मुलापेक्षा ७० किलो वजनाच्या प्रौढास दुप्पट ऊर्जा शोषून घ्यावी लागते. त्यामुळे अर्ध्या फेरीची तीच उडी मारणाऱ्या प्रौढास मुलाहून अधिक ताठर बूट लागतो. निर्माते ताठरपणा अंकांनी दर्शवितात. मात्र हे अंक सर्वांना समान अशा मापनपद्धतीवर आधारलेले नाहीत. एका निर्मात्याच्या अंकाची दुसऱ्याच्या अंकाशी तुलना करणे त्यामुळे निरर्थक ठरते.

माप

आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची रीत आहे. सदऱ्याच्या बाबतीत ही काटकसर शहाणपणाची असेल, स्केटच्या बुटाच्या बाबतीत ती घातक आहे. बुटात टाच वर उचलली जाऊ लागली की नाड्या कितीही आवळल्या तरी पाते पायाच्या आज्ञेत राहत नाही; आणि आवळलेल्या नाड्यांमुळे घोट्याच्या पुढील स्नायुबंधास मात्र दुखापत होते. वाढत्या वयाच्या मुलासही अर्ध्या क्रमांकाहून अधिक मोकळीक देऊ नये. पायाची लांबी व चवड्याची रुंदी ही दोन्ही मापे उभे राहून, पायावर भार देऊन घ्यावीत. रस्त्यावरील बुटाच्या क्रमांकावर विसंबू नये. उभे असता बोटे बुटाच्या टोकास किंचित स्पर्श करावीत, आणि गुडघे वाकविताच तो स्पर्श सुटावा. घोट्याच्या हाडावर किंवा टाचेच्या मागे एकाच जागी बूट रुतत असेल तर तेथील चामडे उष्णतेने मऊ करून ताणवून घ्यावे. तसे न केल्यास सततच्या घर्षणाने त्या जागी सूज व कठीण गाठ निर्माण होते.

पाते

पात्याच्या तळाशी लांबीभर एक अर्धवर्तुळाकडे झुकणारी उथळ खोबण असते. तिच्या दोन्ही काठांस आतली व बाहेरची धार म्हणतात. खोबणीची त्रिज्या जितकी लहान, तितकी खोबण खोल व धार तीक्ष्ण. ४ मि.मी. जाडीच्या पात्यावर १/२ इंच त्रिज्येची खोबण घेतल्यास तिची खोली सुमारे ०.१६ मि.मी. व धारेचा कोन सुमारे ८१ अंश येतो. त्रिज्या ३/८ इंच केल्यास खोली ०.२१ मि.मी. व कोन ७८ अंश होतो. फरक दिसण्यात क्षुल्लक, परंतु पायास तो तत्काळ जाणवतो : तीक्ष्ण धार बर्फास घट्ट पकडते, पण सरकताना अधिक रोध करते आणि वळताना अडते. शिकाऊ खेळाडूस १/२ इंच किंवा त्याच्या आसपासची त्रिज्या मानवते. जड शरीराची धार बर्फात आपोआप अधिक रुतते, म्हणून अशा खेळाडूने खोबण थोडी उथळ ठेवावी.

पात्याच्या लांबीच्या दिशेने जी वक्रता असते तिला 'रॉकर' म्हणतात. तिची त्रिज्या बहुधा ७ किंवा ८ फूट असते. शेफील्डच्या जॉन विल्सन यांच्या पात्यांपैकी 'कॉरोनेशन एस' ७ फुटी, तर 'पॅटर्न ९९' ८ फुटी आहे. या दोहोंतील निवडीवर पुष्कळ काथ्याकूट होतो. पाते बर्फात सारखेच रुतले असे मानल्यास स्पर्शाची लांबी त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ८ फुटी पात्याचा स्पर्श सुमारे ७ टक्क्यांनीच लांब असतो. लहान त्रिज्येमुळे वळणे थोडी सुलभ होतात, मोठीमुळे सरळ गतीस स्थैर्य येते. ज्या वक्रतेची सवय झाली आहे तीच कायम ठेवणे, हेच बहुतेकांस हितकर.

पात्याच्या अग्रभागी असलेल्या दात्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. सर्वांत खालचा दाता उडीच्या प्रारंभी बर्फात रोवला जातो व गिरकी घेताना बर्फास ओझरता स्पर्श करतो. नवशिक्यांच्या पात्यावर तो लहान असतो. वरच्या श्रेणीच्या पात्यावर एकदम गेल्यास मोठा दाता अवचित अडून खेळाडू पुढे आपटतो. श्रेणी एका पायरीनेच वाढवावी.

जोडणी

उत्तम बूट आणि उत्तम पाते चुकीच्या जोडणीने वाया जातात. ६० किलो वजनाच्या खेळाडूचे पाते योग्य रेषेपासून ३ मि.मी. बाजूस सरकले तर घोट्यास कलंडविणारे सुमारे १.८ न्यूटन-मीटर इतके भ्रामक बल एका पायावर उभे असताना सतत कार्य करते. उडीच्या उतरणीस ते कित्येक पटींनी वाढते. खेळाडू हा दोष आपल्या दुबळ्या घोट्यांचा समजून अधिक ताठर बूट घेतो, आणि मूळ दोष तसाच राहतो. यासाठी पाते प्रथम लांबट छिद्रांतील थोड्याच स्क्रूंनी बसवावे, काही दिवस वापरून व आवश्यक तेथे सरकवून पाहावे, आणि मगच उरलेले स्क्रू घालून पक्के करावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम माप, नंतर वजन व कौशल्य यांस साजेसा ताठरपणा, त्यानंतर जोडणी, आणि सर्वांत शेवटी पात्याची श्रेणी. बाजारात हा क्रम बहुधा उलटा चालतो. कारण श्रेणी व किंमत डोळ्यांस दिसतात, टाचेखालची पोकळी दिसत नाही. शिकाऊ खेळाडूस मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने म्हणूनच किमतीची यादी हाती घेण्यापूर्वी बूट चढवून, नाड्या बांधून, विद्यार्थ्यास एकदा गुडघे वाकवावयास सांगावे. टाच जागेवर राहिली आणि घोटा पुढे वाकला, तर तो बूट त्याचा. एरवी तो कितीही नामांकित असला तरी दुसऱ्या कोणाचा तरी आहे.