गुरुवारची सुट्टी आणि कलासंग्रहालयं

भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. संग्रहालयं पाहायला हा वार मस्त! मुंबईचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन सोमवारी बंद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. गुरुवारी सहसा सगळं उघडं, गर्दीही बेताची.

हाताशी अर्धाच दिवस असेल तर पिंपरीहून मेट्रोने मंडई गाठा आणि बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर संग्रहालय पाहा. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. वस्तू वीस हजारांच्या घरात, सगळं बघायच्या फंदात पडू नका. मी अडकित्त्यांपाशीच रेंगाळतो: सुपारी फोडायचं साधं हत्यार, पण कुणी त्याला मोराचा आकार दिलाय, कुणी घोड्याचा. लेथवर काम करणाऱ्याला त्यातली कारागिरी लगेच कळेल.

पूर्ण दिवस असेल तर सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडून मुंबई. भायखळा आणि काळा घोडा दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका. काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, समोर राष्ट्रीय दालन आणि शेजारी 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी. जहांगीर तर फुकट! वास्तुसंग्रहालयात आधी लघुचित्रं बघा, पाय दुखायला लागायच्या आत.