खेळयंत्रावर लिनक्स

सोनीचे प्ले-स्टेशन ३ हे खेळयंत्र २००६ साली बाजारात आले. त्यावर लिनक्स बसविण्याची सोय होती. परंतु त्याचा प्रोसेसर पॉवर-पीसी जातीचा आणि आपल्या नेहमीच्या संगणकाचा इंटेल जातीचा. एकाची यंत्रभाषा दुसऱ्यास कळत नाही. शिवाय यंत्राची मुख्य स्मृती अवघी २५६ मेगाबाइट. लिनक्सच्या कर्नलच्या लक्षावधी ओळी तेथेच यंत्रभाषेत उतरविणे फार संथ काम. म्हणून ते मोठ्या संगणकावर करतात. तलमडुगुला बसून मराठी मजकूर कन्नडमध्ये उतरवावा व तयार प्रत बिदरला धाडावी, तसेच हे. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. जी.सी.सी. हा अनुवादक त्यासाठी पॉवर-पीसीकरिता वेगळा बांधून घ्यावा लागतो.

१ एप्रिल २०१० रोजी सोनीने ३.२१ क्रमांकाच्या सुधारणेने ही सोय काढून घेतली. सुधारणा नाकारणाऱ्यास ऑनलाइन खेळ बंद! अमेरिकेतील ग्राहकांनी दावा लावला. तो अखेर तडजोडीने मिटला. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न उरतोच: पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूचा गुण विक्रेत्याने मागाहून काढून घ्यावा काय? लिनक्सच्या मूळ लेखनातील प्ले-स्टेशनचा भाग मात्र सोनीला पुसता आला नाही. तो सर्वांचा होता.